उजवी काडी

हे लिहिण्याआधी मी दादांना विचारलं. दादा म्हणजे माझ्या बायकोचे मोठे भाऊ. ती त्यांना दादा म्हणायची, म्हणून लग्नापासून मीही दादाच म्हणत आलो. ते म्हणाले, "चष्म्याचं लिहा, ते आता सगळ्यांना माहीत आहे. फोन येत होते एवढंही लिहा. फोनवर काय बोलणं झालं, ते मात्र नाही."

मी बरं म्हटलं.

बायकोला विचारायचं राहिलं. ते चार वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. ती जाऊन आता आठ महिने झाले.

मी लिफ्टचा मेकॅनिक. चौतीस वर्षं तेच काम केलं. लिहिणं म्हणजे काम झालं की रजिस्टरमध्ये एक ओळ खरडायची, 'तिसऱ्या मजल्याचं दार नीट बसत नव्हतं, बसवलं', आणि खाली त्या इमारतीच्या माणसाची सही घ्यायची. सिनेमाशी माझी गाठ पडली तीही एका लिफ्टमुळेच.

बाजारामागच्या रस्त्यावर एक चार मजली जुनी इमारत आहे. खाली रंगांचं दुकान, वर डबिंगच्या आणि संकलनाच्या खोल्या. तिथली लिफ्ट वरचेवर अडकायची. मी 'काम चालू आहे' अशी पाटी लावून चाचणी घेत होतो, तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ पाटी बाजूला सारून आत शिरले आणि म्हणाले, "चौथा."

"पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली. पण माझे गुडघे निरक्षर आहेत."

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. माझा जोडीदार वर मशीनच्या खोलीत असायला हवा होता, तो नेमका चहाला गेलेला. चाळीस मिनिटं आम्ही दोघं आत. हे गृहस्थ सिनेमांच्या पटकथा लिहायचे. पुढे सगळे त्यांना लेखकसाहेब म्हणायचे, तेच मीही म्हणतो. वेळ जावा म्हणून त्यांनी विचारलं, "लोक अडकले की काय करतात हो?"

मी म्हटलं, "आधी घड्याळ बघतात. मग एकमेकांकडे बघून हसतात. मग बटण दाबतात. तेच बटण, दहादा. मग एक जण म्हणतो, मला बंद जागेचा त्रास नाही. खरा त्रास त्यालाच असतो. आणि सुटका झाली की कुणी कुणाकडे बघत नाही. आत इतकं बोललेले असतात की बाहेर लाज वाटते."

लेखकसाहेब माझ्याकडे बघत राहिले. सुटका झाल्यावर त्यांनी मात्र माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रविवारी सकाळी दहाला चौथ्या मजल्यावर या. आम्ही वर्ग घेतो. लिफ्ट दुरुस्त करून या."

घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "जा की. नाहीतरी रविवारी शेजारच्या इमारतीची लिफ्ट कशी वाजते तेच ऐकत बसता. फक्त सिनेमातली लिफ्ट बंद पडली तर पडद्यात शिरू नका."

वर्गात आम्ही अकरा जण. मी सगळ्यांत मोठा. शिकवणारे सगळे धंद्यातले. सहा दिवस ते आपापल्या कामावर असायचे आणि सातव्या दिवशी आम्हाला शिकवायचे. कुणाचं शूटिंग लागलं की वर्ग बुडायचा. त्यांना शिकवायची सवय नव्हती, त्यामुळे ते कामावर जसं बोलतात तसंच आमच्याशी बोलायचे. कॅमेऱ्याचा माणूस खिडकीचा पडदा ओढून म्हणायचा, "आता कोण म्हातारं दिसतंय?" सगळे माझ्याकडे बघायचे. पडदा उघडला की कॅमेऱ्याचा माणूसच म्हातारा दिसायचा.

लेखकसाहेबांनी पहिल्याच दिवशी माझी वही लाल करून टाकली. मी लिहिलं होतं, 'त्याला फार वाईट वाटलं.' ते म्हणाले, "कॅमेऱ्याला वाटणं दिसत नाही. तो काय करतो ते लिहा. जिन्यात बसतो? चप्पल उलटी घालतो? काय?" त्यांचा ठरलेला प्रश्न एकच होता. कुणीही काहीही वाचून दाखवलं की ते डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "खरं काय होतं?"

आणि त्यांनी आम्हाला कानवही ठेवायला लावली. छोटी, खिशात मावेल अशी वही. रोज कानावर पडलेली दहा वाक्यं त्यात जशीच्या तशी उतरवायची. सुधारायची नाहीत, पुरी करायची नाहीत. माणूस मध्येच थांबला तर आपणही तिथेच थांबायचं.

इतर दहा जण वाक्यं शोधत बसमधून हिंडायचे. मला कुठे जावं लागलं नाही. माझ्या घरातच विहीर होती.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तेवीस वर्षं एकाच काउंटरमागे. फ्रेम बसवणं, काड्या गरम करून कानामागे वळवणं, नाकावरच्या गाद्या बदलणं, हे तिचं काम. माणसाचा चेहरा तिला आधी नाकापासून दिसायचा. संध्याकाळी घरी आली की पर्स ठेवायच्या आधीच सुरू. "आज एक बाई आल्या होत्या. सात फ्रेम घालून बघितल्या आणि प्रत्येक वेळी नवऱ्याला विचारलं, कशी दिसते? तो प्रत्येक वेळी म्हणाला, छान. शेवटी मीच म्हटलं, बाई, चष्मा ह्यांना करून घ्या." किंवा, "त्या बँकेतल्या साहेबांचा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे. तीस वर्षं त्यांना वाटतंय चष्मे वाकडे मिळतात. आता साठीला आलेल्या माणसाला कसं सांगू, की चष्मा सरळ आहे?"

मी हसायचो. आणि हात धुवायच्या निमित्ताने मोरीशी जाऊन वहीत उतरवायचो.

वर्गात ही वाक्यं वाचली की लोक बाकावर हात आपटायचे. तिचं नावच पडलं, चष्मेवाली. मी आत शिरलो की कुणीतरी विचारायचं, "काय म्हणते चष्मेवाली?" माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. जणू ती वाक्यं मीच बोललो होतो.

रविवारी दुपारी ती माझा चष्मा कसायची. जेवण झालं, ओटा पुसला, की हात पुढे करायची. "द्या." मग टेबलाशी बसून बारक्या पेचकसाने दोन्ही स्क्रू आवळायची, काचा पुसायची, काड्या टेबलावर उलट्या ठेवून दोन्ही टेकतात का बघायची. लिफ्टच्या खड्ड्यात वाकून काम करणाऱ्याचा चष्मा आठवड्यात सैल होतोच. तेवढ्या वेळात मला समोरचं धुरकट दिसायचं, आणि मला दिसत नाही म्हणून की काय, ती अशा गोष्टी बोलायची ज्या एरवी बोलत नसे.

अशाच एका रविवारी तिने बाबांच्या चष्म्याचं सांगितलं.

तिचे बाबा त्याच्या नऊ वर्षं आधी इस्पितळात गेले होते. सकाळची वेळ होती. दादा कागदपत्रांच्या मागे होते, बाकीचे रडत होते. हिला रडू येईना. ती म्हणाली, "मला फक्त काडी दिसत होती. उजवी काडी वाकलेली. रात्री उशीखाली आली असणार. सगळे बाबांकडे बघतायत आणि मी काडीकडे. वाकडा चष्मा घालून कसं पाठवायचं माणसाला?" तिने चष्मा काढून पर्समध्ये टाकला आणि कुणाला न सांगता दुकानात गेली. दुकान लांब नव्हतं. तिथे काडी गरम करून सरळ केली, काचा पुसल्या आणि परत आली. येईपर्यंत त्यांना नेलं होतं. नेण्याआधी दादांनी चष्मा शोधून शोधून वॉर्ड पालथा घातला होता. चष्म्याशिवाय बाबा बाबांसारखे दिसत नव्हते. शेवटी त्यांनी वॉर्डातल्या एका माणसाला सगळ्यांदेखत चोर म्हटलं.

"दादाने विचारलं, ऐन वेळी कुठे गेली होतीस? मी म्हटलं, चक्कर येत होती म्हणून बाहेर गेले होते. तेव्हा सांगायला हवं होतं. मग दुसऱ्या दिवशी सांगायला जड गेलं, मग महिन्याने आणखी जड. आता तर काय. तो अजून म्हणतो, बाबांचा चष्मा चोरला मेल्यांनी. आणि चष्मा माझ्या कपाटात, निळ्या डबीत."

मग तिने माझा चष्मा माझ्या नाकावर ठेवला, कानामागे दोन्ही बाजूंनी बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

मी संध्याकाळी उतरवून ठेवलं. सवयीने. वापरायचं असं तेव्हा मनात नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने एक प्रसंग लिहायचा होता. अकरांतले तीन निवडून त्यांचं चित्रीकरण करायचं, शिकवणाऱ्यांनीच ते करून दाखवायचं. मी बाबांचा प्रसंग लिहिला, पण घड्याळ घातलं. बाप मेला, मनगटावरचं घड्याळ बंद पडलेलं, मुलगी घड्याळजीकडे काम करते, ती घड्याळ घेऊन पळते. मला वाटलं, एवढं बदललं म्हणजे झालं.

लेखकसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं. "घड्याळ खोटं आहे. घड्याळ बंद होतं की चालू, ते नेण्याच्या गडबडीत कोण बघतंय? ती का पळेल?" त्यांनी डोळे उघडले. "खरं काय होतं?"

मी गप्प बसायला हवं होतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "चष्मा होता." आणि सगळं सांगितलं. अगदी तिच्या शब्दांत. वाकडा चष्मा घालून कसं पाठवायचं माणसाला, हे वाक्य म्हटलं तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

लेखकसाहेब म्हणाले, "हेच. एक शब्द हलवू नका."

त्यांचा दोष नाही. त्यांनी कामाचा प्रश्न विचारला. दुसरा प्रश्न संकलनाच्या बाईंनी विचारला. ह्या बाई आम्हाला जोडणं-कापणं शिकवायच्या. कमी बोलायच्या, केसांत पेन्सिल खोचलेली असायची. जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "लिफ्टवाले, ज्यांचं आहे त्यांना विचारलंत ना?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. एका अक्षराचं खोटं. त्या मान हलवून वर निघून गेल्या.

तेव्हा माझ्या मनात काय होतं ते सरळ सांगतो. मला वाटत होतं की ती पडद्यावर स्वतःला बघेल आणि खूश होईल. मला वाटत होतं की आधी सांगितलं तर मजा जाईल. आणि दादांनी बघावं असंही वाटत होतं. दादा पाणीखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. लग्नापासून मी दारात आलो की म्हणायचे, "या लिफ्टवाले. आज वर की खाली?" त्यात कुजकेपणा नव्हता, पण तीस वर्षं तोच विनोद ऐकून माणूस विटतो. दादा ह्या गोष्टीत स्वतःच आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्यासाठी ती आता गोष्ट झाली होती. तिच्यातला भाऊ म्हणजे कागदावरचा भाऊ, त्याला दोन वाक्यं होती. दादांना मीच फोन करून बोलावलं.

चित्रीकरण एका रविवारी झालं. काम करणारी नटी नाटकातली होती, चांगली होती. तिने मला विचारलं, "चष्मा कसताना त्या बघतात कुठे?" मी दाखवलं. काडी कशी धरायची, पेचकस कोणत्या बोटात, काच पुसताना ओठ कसे मिटायचे. बायकोच्या लकबी मी एकेक करून तिला देऊन टाकल्या.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी चारला, खालच्या मजल्यावरच्या छोट्या सभागृहात ते दाखवलं. तीसेक खुर्च्या. बायको जांभळी साडी नेसून आली होती. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दादा. दादा म्हणाले, "काय लिफ्टवाले, आज एकदम वर." ती हसली. "बघा आता, घरी ह्यांना जेवायला वाढताना टाळ्या वाजवाव्या लागणार."

आठ मिनिटांचं होतं. स्वयंपाकघरातलं टेबल, नवरा, बायको, चष्मा. नटीने हात पुढे केला आणि म्हणाली, "द्या." बायको माझ्याकडे वळून हसली. मग नटी बोलायला लागली. उजवी काडी. उशीखाली. वाकडा चष्मा घालून कसं पाठवायचं माणसाला. मी पडद्याकडे बघत होतो, लोक ऐकतायत का ते बघत होतो. बायकोकडे बघितलं तेव्हा तिने स्वतःचा चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. तिला चष्म्याशिवाय चार हातांपलीकडचं दिसत नसे.

टाळ्या झाल्या. दिवे लागले. दादा उठले नाहीत. समोरच्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "कुठे आहे?"

"कपाटात," ती म्हणाली. "निळ्या डबीत."

"काडी?"

"सरळ केली. त्याच दिवशी."

मग दादा म्हणाले, "त्या माणसाला मी चोर म्हणालो गं."

"माहीत आहे, दादा."

तेवढ्यात लेखकसाहेब आले, त्यांनी माझा हात हातात घेतला, आणखी लोक आले. कुणीतरी तिला विचारलं, "तुम्हीच का चष्मेवाली?" ती म्हणाली, "मी ह्यांची बायको."

घरी चालत आलो. मी म्हटलं, "दुकानाचं नाव घातलं नाही. कुणाचंच घातलं नाही."

"हो."

"लोकांना आवडलं."

"हो. छान झालंय."

दुसऱ्या दिवशी ती निळी डबी दादांना देऊन आली. मला काही बोलली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मला कळतं, बिघाड दिसला तर हात घालता येतो. रविवारी जेवण झालं, ओटा पुसला, तिने हात पुढे केला, "द्या." स्क्रू आवळले, काचा पुसल्या, चष्मा परत दिला. मी धुरकट नजरेने वाट बघत बसलो होतो. ती काहीच बोलली नाही.

त्यानंतर तीन वर्षं ती माझ्याशी चांगलंच बोलत होती. दूध घेऊन या. छत्री घ्या. जिन्यातला दिवा गेलाय. तुमचा घसा बसलाय, गरम पाणी प्या. कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, किती सुखाचा संसार. पण संध्याकाळी ती आली की पर्स ठेवायची आणि सरळ आत जायची. मी विचारायचो, "आज कोण कोण आलं होतं?"

"गिऱ्हाइकं."

कधी सवयीने सुरुवात व्हायची. "आज एक म्हातारे गृहस्थ..." आणि तिची नजर माझ्या शर्टाच्या खिशाकडे जायची. खिशात पेन असायचा, मेकॅनिकच्या खिशात असतोच. "काही नाही, जाऊ द्या."

मी त्या वर्गाकडे पुन्हा फिरकलो नाही. कानवही तिच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हटलं, "बंद केलं ते सगळं." तिने वही डब्यातून काढली, फडक्याने पुसली आणि फळीवर ठेवली. "मी कुठे काय म्हटलं? कागद चांगला आहे, मागची पानं कोरी आहेत."

ती मागची पानं पुढे कामाला आली. तिचं दुखणं सात महिने चाललं. औषधांच्या वेळा तिने त्याच वहीत लिहून ठेवल्या, मागून सुरुवात करून, तिच्या गोल अक्षरात. वही आता माझ्याकडे आहे. पुढून उघडली की चष्मेवाली बोलते, मागून उघडली की सकाळी आठ, दुपारी दोन, जेवणानंतर. मध्ये वीस-बावीस पानं कोरी आहेत.

शेवटच्या आठवड्यात इस्पितळात एक नर्सबाई सलाईन बदलून गेल्या. बायको त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, "ह्यांचं नाक..." मी पुढे वाकलो. इतका पुढे वाकलो की तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला माझे दोन्ही हात उघडून दाखवले, रिकामे. ती हसली. थकून हसली. म्हणाली, "चष्मा घसरतो त्यांचा. गाद्या बदलायला सांगा."

मी त्या नर्सबाईंना सांगितलं. बायको गेल्यावर तिसऱ्या महिन्यात त्या मला बाजारात दिसल्या. गाद्या बदलल्या होत्या.

त्याच दिवशी मी त्या इमारतीत गेलो. लिफ्ट आता दुसरी कंपनी बघते, दार अजून आपटतं. संकलनाच्या बाई त्यांच्या खोलीत होत्या, पेन्सिल केसांत. बायको गेल्याचं त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. मी म्हटलं, "माझ्या त्या आठ मिनिटांतलं चष्म्याचं बोलणं काढता येईल का? म्हणजे ते कुठेच नको."

का, ते त्यांनी विचारलं नाही. जुनी डिस्क शोधून लावली. मी मागच्या स्टुलावर बसलो. नटी बाबांबद्दल बोलते तो सगळा भाग त्यांनी काढला. राहिलं एवढंच, की ती नवऱ्याचा चष्मा कसते, उजव्या काडीशी थांबते, काडी बोटांत धरून बराच वेळ बघते. नवरा विचारतो, "काय झालं?" ती म्हणते, "काही नाही." आणि चष्मा त्याच्या नाकावर ठेवते.

पंधरा मिनिटंही लागली नाहीत. बाईंनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा.

"हे असंच हवं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला दिसलं नाही. वाक्य इतकं चांगलं होतं की आपण सगळे त्याला चिकटून बसलो. तिच्या चेहऱ्यावर सगळं होतंच."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही मला जिन्यात विचारलं होतं. मी हो म्हणालो. मी तिला विचारलं नव्हतं."

त्यांनी केसांतली पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली. "तुम्ही फार पटकन हो म्हणालात. मला तेव्हाच थोडं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा विचारायला हवं होतं मी. पण मलाही तो प्रसंग कापायला-जोडायला हवा होता."

"तेव्हा आलो असतो तर?"

"तेव्हाही पंधरा मिनिटंच लागली असती."

ते नवीन आठ मिनिटांचं, आता पाचच मिनिटांचं, मी फोनवर घेतलं आणि पुढच्या गुरुवारी दादांकडे गेलो. दुपारची वेळ होती. दादा एकटेच होते. दार उघडून वर की खाली असं काही म्हणाले नाहीत. मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं.

"ते वाक्य गेलं," दादा म्हणाले.

"काढायला लावलं."

"मला आवडायचं ते."

दादा म्हणाले, "नऊ वर्षं मी समजत होतो की बाबांना नेताना ही पळून गेली. मनातून मी तिला टाकलंच होतं. दर वेळी टोमणे मारायचो. त्या वाक्याने मला कळलं ती कुठे गेली होती. तुम्ही केलंत ते चूकच केलंत. तिला विचारायला हवं होतं. पण मला ती परत मिळाली ती तिथून. डबी द्यायला आली तेव्हा तीन तास बसली होती. मग काय, दर गुरुवारी फोन."

"कसला फोन?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत नव्हतं? दीड वाजता. जेवणाच्या सुट्टीत, दुकानातून. अर्धा अर्धा तास बोलायची. अजून दीड वाजला की मी फोन जवळ घेऊन बसतो. मूर्खासारखं."

"काय बोलायची?"

"काय म्हणजे? गिऱ्हाइकांचं. कुणाचं नाक, कुणाचे कान. मला हसून हसून ठसका लागायचा. मला माहीतच नव्हतं माझी बहीण एवढं बोलते."

म्हणजे ती गप्प झालेलीच नव्हती. तीन वर्षं दर गुरुवारी तिचं सगळं बोलणं चालू होतं. नुसतं माझ्याकडचं दार बंद होतं.

मी विचारलं, "माझ्याबद्दल कधी?"

"पुष्कळदा."

"काय?"

दादांची नजर माझ्या शर्टाच्या खिशाकडे गेली. भाऊ-बहीण एकाच चेहऱ्याचे आहेत हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं.

मी खिशातला पेन काढला आणि टेबलावर त्यांच्या बाजूला सरकवला. फोन बंद करून त्याच्याशेजारी ठेवला.

"लिहिणार नाही ना?"

"नाही."

"मला जसंच्या तसं येणार नाही सांगता. तुम्हाला यायचं."

"येईल तसं सांगा."

दादांनी घड्याळ बघितलं. दीड वाजून गेला होता. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला लागले. माझा चष्मा तीन महिन्यांत सैल होऊन सारखा खाली येत होता. एका हाताने तो वर धरून मी ऐकत बसलो.